मास्टर दीनानाथ : मोठे दान आणि त्याचा भार

पेडणे व डिचोली ह्या तालुक्यांत जत्रेच्या दिवसांत ज्याने रात्र काढली आहे, त्याला देवळापुढच्या मांडवातले नाटक नवे नाही. गावचीच माणसे तोंडाला रंग लावून उभी राहतात. पेटीचा स्वर लागतो, तबल्यावर थाप पडते, आणि दिवसा शाळेत शिकवणारा किंवा शेतात राबणारा एखादा गडी उंच पट्टीत पद सुरू करतो. तान सरळ न जाता वळणे घेत, झेपा टाकीत वर चढते. अशा वेळी जुनी जाणती माणसे एकमेकांकडे पाहून मान हलवतात. ही वाट कोणाची, हे त्यांना सांगावे लागत नाही. ती मास्टर दीनानाथांची.

दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात वारले. त्या वेळी त्यांचे वय अवघे एक्केचाळीस वर्षांचे होते. आज बहुतेकांना ते लताबाईंचे व आशाबाईंचे वडील म्हणून माहीत असतात. परंतु एके काळी महाराष्ट्रात आणि गोमंतकात त्यांच्या नावावर नाटकगृहे भरत होती. एवढे मोठे दान लाभलेला हा माणूस शेवटी कर्जाने, व्यसनाने आणि आजाराने का खचला, हा प्रश्न मनाला लागून राहतो. त्यांची थोरवी सांगताना दुःख लपवू नये, आणि दुःख सांगताना थोरवी उणी करू नये, अशा बेताने ही हकीकत सांगत आहे.

फोंडे महालातील मंगेशी गावी २९ डिसेंबर १९०० रोजी दीनानाथांचा जन्म झाला. फोंडे, डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणून त्यांना नव्या काबिजादी म्हणत. तोपर्यंत जुन्या काबिजादींतली देवळे पाडण्याचा जोर ओसरला होता. उलट, सोळाव्या शतकात तिकडून हलवलेले देव ह्याच मुलखाच्या आश्रयाला आले होते. मंगेशाचे देवस्थानही असेच कुठ्ठाळीहून आलेले. धर्माच्या नावाने केलेल्या जुलमाची ही आठवण आपण ख्रिस्ती लोकांनी मान खाली घालूनच करावी. देवळांबरोबर कीर्तन, भजन, गाणे आणि मराठी नाटकही ह्या महालांत रुजले. दीनानाथांचे रोप ह्याच मातीतले.

त्यांचे वडील गणेशभट्ट हे मंगेशाच्या देवळात अभिषेक करणारे पुजारी. आई येसूबाई राणे ही देवळाच्या सेवेला वाहिलेल्या समाजातली. ह्या समाजातल्या बायकांनी गोमंतकाचे गाणे पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवले. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना लग्नाचा मान नसे, आणि त्यांच्या मुलांना बापाचे आडनाव मिळत नसे. दीनानाथांनाही ते मिळाले नाही. पुढे त्यांनी गावाचेच नाव आडनाव म्हणून लावले आणि ते मंगेशकर झाले. आज त्या नावाचा केवढा दबदबा आहे! पण ते नाव घेताना एका मुलाच्या मनाला काय वाटले असेल, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. ज्याला जन्माने मान मिळत नाही, त्याला तो आपल्या गुणाने मिळवावा लागतो, आणि मिळवलेला मान कधी निसटेल ह्याची धास्तीही त्याच्या पाठीस असते.

मुलाचा गळा लहानपणीच लोकांच्या ध्यानी आला. बाबा माशेलकर ह्यांच्याकडे त्याने गाण्याचे पहिले धडे घेतले. पुढे सावंतवाडी संस्थानातून आलेले थोर गवई रामकृष्णबुवा वझे ह्यांचा गंडा बांधला. बुवांची तालीम कडक आणि गायकी जोरकस. शिष्याचा आवाज मुळातच बुलंद आणि चपळ होता. तिन्ही सप्तकांत तो सहज फिरे, आणि टप्प्याच्या अंगाने जाणाऱ्या त्याच्या ताना ऐकणाऱ्याला चकित करीत.

१९१४ च्या सुमारास दीनानाथ किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ज्या संगीत रंगभूमीचा पाया घातला, तिचे हे मूळ घर. आदल्याच वर्षी, १९१३ मध्ये, बालगंधर्व ही मंडळी सोडून गेले होते आणि त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली होती. त्यामुळे किर्लोस्कर मंडळीला सुरेल गळ्याच्या, देखण्या मुलाची गरज होती. बायकांनी रंगभूमीवर येण्याची रीत तेव्हा नव्हती, स्त्रीभूमिका मुलगेच करीत. चौदा वर्षांचा हा गोमंतकीय मुलगा उभा राहिला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले.

१९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे आणि दीनानाथ ह्यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. दीनानाथांना तेव्हा अठरावे वर्ष चालू होते. आपल्या घरात त्या वयाच्या मुलाच्या हाती आपण बाजारहाटाचे पैसेही मोजून देतो. हा मुलगा मात्र एका मोठ्या नाटक कंपनीचा मालक झाला. राम गणेश गडकऱ्यांनी मृत्यूपूर्वी पुरे केलेले ‘भावबंधन’ ह्या मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातली दीनानाथांची लतिका इतकी गाजली की, पुढे १९२९ मध्ये त्यांना जी मुलगी झाली, तिचे आधीचे हेमा हे नाव मागे पडून लता हे नाव ह्याच लतिकेवरून रूढ झाले.

स्त्रीभूमिकेत गाजलेला नट पुरुषभूमिकेत सहसा शोभत नाही. दीनानाथ त्याला अपवाद ठरले. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकात त्यांनी धैर्यधर केला. त्यातल्या पदांना गोविंदराव टेंब्यांनी लावलेल्या चाली लोकांच्या कानांत बसलेल्या होत्या. दीनानाथांनी ती पदे आपल्या ढंगाने म्हटली. जुन्या रसिकांना हे धाडस रुचले नाही, पण तरुणांना त्या आवाजाने वेड लावले. पुढे वीर वामनराव जोशी ह्यांचे ‘रणदुंदुभी’ १९२७ मध्ये आले. सावरकर रत्नागिरीस स्थानबद्ध असताना त्यांनी लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ मध्ये आले. दोन्ही नाटकांना चाली दिल्या त्या वझेबुवांनी. देश पारतंत्र्यात होता, आणि ह्या पदांतला आवेश लोकांना आपला वाटला. दीनानाथांच्या ध्वनिमुद्रिका आजही मिळतात. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकड्यांत, खरखर असली तरी, तो आवाज अंगावर धावून येतो.

आता नाटक कंपनी म्हणजे काय हे थोडे समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुढची पडझड समजणार नाही. कंपनी म्हणजे फिरते गावच असे. नट, गवई, वादक, पडदे रंगवणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी, वाढपी अशा सर्वांचे जेवणखाण, कपडेलत्ते, दुखणीबाणी मालकांच्या गळ्यात. खेळ चांगले चालले की पैसा पाण्यासारखा येई, आणि तसाच जाई. पावसाळ्यात धंदा बसे, तेव्हा सावकाराचे दार धरावे लागे. खेळ रात्री सुरू होई तो पहाटेपर्यंत चाले. घसा आणि शरीर दोन्ही ताणले जात. खेळ संपल्यावर चाहत्यांच्या मैफली असत. तेथे गवयाला आग्रह होई, गाण्याचा आणि पिण्याचाही. अशा जगात बुद्धी ठिकाणावर ठेवायला हिशेबाची शिस्त लागते, आणि जवळ नाही म्हणणारे माणूस लागते.

दीनानाथांचा हात सढळ होता. आलेल्याला देणे, मागेल त्याला नाही न म्हणणे, शिष्यांना घरच्यासारखे वागवणे हा त्यांचा स्वभाव. हे गुण थोर आहेत. परंतु पदरी कर्ज असताना औदार्यालाही हिशेब लागतो, आणि तो त्यांना कधी जमला नाही.

त्यांच्या घरालाही दुःखाने गाठले होते. १९२२ मध्ये खानदेशातल्या थाळनेरच्या लाड घराण्यातील नर्मदाबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यांची मुलगी तान्हेपणी गेली, आणि काही वर्षांत नर्मदाबाईही वारल्या. १९२७ मध्ये नर्मदाबाईंची बहीण शेवंती हिच्याशी दीनानाथांनी लग्न केले. ह्याच पुढे सर्वांच्या माई झाल्या. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ ही त्यांची पाच मुले. धाकटा हृदयनाथ १९३७ चा.

मग काळ फिरला. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा आपल्या देशातला पहिला बोलपट आला. पुढल्या वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. चार आण्यांत पडद्यावर गाणे, दृश्ये आणि लढाया पाहायला मिळू लागल्यावर रात्रभर चालणाऱ्या नाटकाला कोण बसणार? एकामागून एक नाटक कंपन्या बसल्या. स्वतः बालगंधर्वही कर्जात बुडाले. तेव्हा दीनानाथांचे अपयश हे केवळ त्यांच्या दोषांचे फळ होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. सबंध धंद्याच्या पायाखालची जमीन सरकली होती.

बळवंत मंडळीने त्या लाटेवर स्वार होण्याचे ठरवले. सांगलीस बळवंत पिक्चर्स ही संस्था निघाली आणि १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट तयार झाला. रंगभूमीवर ज्याचा एक सूर हजारोंना उठवीत असे, त्याला कॅमेऱ्यापुढे तसे यश आले नाही. बोलपटाने कंपनीला तारले नाही, बुडवले. सोळा वर्षे ज्या मंडळीचे नाव दुमदुमत होते, तिचा कारभार आटोपला. पाठीमागे राहिली ती देणी.

येथून पुढची वर्षे वाचताना जीव तुटतो. सांगलीचे वैभव गेले. लहानसहान बैठका, रेडिओवरचे गाणे, अधूनमधून उभे केलेले नाटक ह्यांवर संसार चालवायचा होता. दारू, जी पूर्वी मैफलीची सोबतीण होती, ती आता एकांताची झाली. प्रकृती ढासळू लागली. अखेर बिऱ्हाड पुण्यास आले.

ह्या पडत्या काळातच त्यांच्या हातून एक मोठे काम झाले, आणि त्याला तिकीट नव्हते की टाळ्या नव्हत्या. एकदा ते एका शिष्याला पुरिया धनाश्री शिकवून बाहेर गेले. शिष्य चुकत होता. घरात खेळणारी लहान लता पुढे आली आणि ती जागा अशी नव्हे, अशी, असे तिने गाऊन दाखवले. परत येणाऱ्या दीनानाथांनी ते दारातून ऐकले. बाहेरच्यांना शिकवीत बसलो आणि गवई घरातच आहे, असे त्यांनी माईंना सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला उठवून तंबोऱ्याशी बसवले. ही हकीकत लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितली. ज्या माणसाचे सगळे हिशेब चुकले, त्याची ही एक ठेव मात्र बुडाली नाही.

२४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ गेले. थोरल्या लताला तेरावेही पूर्ण झाले नव्हते, हृदयनाथ चार वर्षांचा होता. घरात पैसा नव्हता. मास्टर विनायक ह्या चित्रपट-दिग्दर्शकांनी कुटुंबाला आधार दिला, आणि त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ ह्या मराठी बोलपटात लता काम करू व गाऊ लागली. ज्या वयात मुलीने शाळेत जावे, त्या वयात तिने घर पाठीवर घेतले. बापाच्या व्यसनाची किंमत बाप एकटा देत नाही. ती चुकती करायला त्याची मुले राहतात. मंगेशकरांच्या घरी ती किंमत गाण्याने चुकती झाली आणि जगाने त्याचे कौतुक केले. परंतु ज्या घरात असे गाणे नसते, तेथील मुलांची कहाणी कोणी लिहीत नाही. ती मुले आपल्या गावांत, आपल्या शेजारी आहेत.

मोठ्या देणगीचा माणूस असा का ढासळतो? हे फक्त नाटकवाल्यांचे दुखणे नव्हे. स्नूकरचा खेळ घ्या. हा खेळ १८७५ च्या सुमारास आपल्याच जबलपूरच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी काढला, असे मानतात. त्या खेळात बेलफास्टच्या ॲलेक्स हिगिन्सने १९७२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, जगज्जेतेपद मिळवले आणि १९८२ मध्ये ते पुन्हा जिंकले. त्याचा खेळ पाहायला माणसे जीव टाकीत. पण दारू, जुगार आणि मारामाऱ्या त्याला सुटल्या नाहीत. पुढे घशाचा कर्करोग झाला. मिळवलेला पैसा गेला. २४ जुलै २०१० रोजी तो आपल्या खोलीत मेलेला सापडला. तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता आणि हाडांचा सापळा उरला होता. काही मित्र शेवटपर्यंत त्याच्यासाठी पैसे जमवीत होते, हे सांगितले पाहिजे. तरीही बेलफास्टच्या कॅथेड्रलमधल्या त्याच्या अंत्यविधीला रस्त्यांवर जी गर्दी लोटली, तिच्यातील किती जणांना त्याच्या खोलीचा जिना ठाऊक होता?

दोघांचे देश, धंदे, स्वभाव अगदी वेगळे. दीनानाथ मारामारी करणारे नव्हते, ते मायाळू गृहस्थ होते. तरी एक धागा दोघांत सारखा दिसतो. लोकांना त्यांचे दान हवे होते. दान ज्याच्यात राहते तो माणूस कसा आहे, त्याचे देणे किती, त्याला झोप लागते काय, ह्याची चौकशी करणारे फार थोडे होते. टाळ्या वाजवणाऱ्यांनीच पेला भरला, आणि तो पडल्यावर तेच हळहळले.

दान आणि चारित्र्य ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरतो. गोड गळा मिळाला म्हणून मन बळकट झाले असे होत नाही. उलट ज्याला लहान वयात फार मिळते, त्याला नाही ऐकण्याची सवय राहत नाही, आणि नाही म्हणण्याचे धैर्य त्याच्या भोवतालच्यांना होत नाही. सतराव्या वर्षी मालक झालेल्या दीनानाथांना गाण्यात वझेबुवांसारखा कडक गुरू मिळाला. पैशाच्या आणि जगण्याच्या बाबतीत तसा गुरू लाभला असता तर काय झाले असते, कोण जाणे!

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ह्या गोष्टीचा विशेष विचार करावा. नाताळच्या कार्यक्रमात चांगले गाणारा एखादा मुलगा आपल्याही मंडळीत असतो. त्याला आपण दर वर्षी पुढे उभे करतो, त्याचे कौतुक करतो आणि घरी जातो. त्याच्या घरी रात्री काय चालते, बाप पितो काय, फी भरली आहे काय, गाणे बिघडले तर त्याला कोण जवळ घेईल, हे आपल्याला माहीत असते काय? त्याच्या गाण्याची चूक आपण लगेच दाखवतो. त्याच्या संगतीची चूक दाखवण्याइतके आपण त्याच्या जवळ गेलो आहोत काय? आणि जो मुलगा गात नाही, ज्याच्या अंगी कसलेही ठळक दान दिसत नाही, त्याचे नाव तरी आपल्याला आठवते काय?

व्यसनात पडलेल्या माणसाबद्दल बोलतानाही आपली जीभ आवरावी. दीनानाथांच्या शेवटच्या वर्षांवरून त्यांना तोलणे सोपे आहे. पण ज्या हाताने पेला धरला, त्याच हाताने पहाटे मुलीसाठी तंबोरा लावला. माणसात ह्या दोन्ही गोष्टी एकत्र राहतात. पेल्याकडे डोळेझाक करू नये, कारण त्याने घर बुडते. तंबोऱ्याकडेही करू नये, कारण त्याच्याच आधाराने त्या माणसाला परत हाक मारता येते.

पुण्यात २००१ मध्ये त्यांच्या नावाने मोठे रुग्णालय उभे राहिले. पणजीच्या कला अकादमीतील नाट्यगृहालाही त्यांचेच नाव आहे. ज्याला बापाचे आडनाव मिळाले नाही, त्याचे नाव आज दगडात कोरलेले आहे. हा सन्मान योग्यच आहे. फक्त तो जिवंतपणी, सांगलीतल्या त्या वाईट दिवसांत, चार घरगुती शब्दांच्या आणि एका सरळ, स्पष्ट सल्ल्याच्या रूपाने थोडा मिळाला असता तर बरे झाले असते.

जत्रेच्या मांडवात पुन्हा कधी ती चढती तान कानी पडली, तर ती मन भरून ऐकावी. आणि पहाटे नाटक सुटल्यावर, गाणारा गडी रंग पुसून एकटाच घरी निघाला असेल, तर चार पावले त्याच्याबरोबर चालून जावे.